एक घंटा म्हणजे पुढं

घोडपदेवच्या आमच्या चाळीत सगळ्या दारांना बेल होती, फक्त दाजी मयेकरांच्या दाराला नव्हती. कुणी आलं तर कडी वाजवायची, नाहीतर बाहेरूनच हाक मारायची. कुरिअरवाले वैतागायचे. मग काकी, म्हणजे दाजींची बायको, दारात येऊन मालवणीत सांगायच्या, “बेल लावली तर आमचो माणूस जेवता जेवता उठता. ताटावरसून उठवल्याचा पाप माका नको.”

ऐकणाऱ्याला थट्टा वाटे. थट्टा नव्हती. दाजींनी नोकरीची सगळी वर्षं गोदीतल्या एका लाकडी लाँचवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काढली होती. समुद्रात नांगरून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवर साहेबलोकांना पोचवायचं आणि परत आणायचं, हे त्या लाँचचं काम. वर चाकापाशी लाँच हाकणारा सारंग उभा. त्याला सगळं दिसणार. खाली इंजिनाच्या खड्ड्यात दाजी. त्यांना काहीच दिसणार नाही. सारंगानं वरून दोरी ओढली की दाजींच्या डोक्याशी पितळेची घंटा वाजायची. एक घंटा म्हणजे पुढं. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागं. घंटा झाली की हात इंजिनाच्या दांड्यावर गेलाच पाहिजे. का, कशाला, हे विचारायचं नाही, कारण विचारत बसलं तर लाँच जाऊन जहाजाच्या पोटावर आपटायची.

दाजी निवृत्त झाले, हात झाला नाही. आमच्या घरी गणपती नसतो, पण मजल्यावरच्या आरतीला मी दारात उभी राहायची. आरतीची घंटा सुरू झाली की दाजींचा उजवा हात पुढं सरकायचा, मागं यायचा, पुन्हा पुढं. डोळे मिटलेले. आरतीची घंटा काही मोजून वाजत नाही, त्यामुळे हात बिचारा गोंधळून जायचा. काकी शेजारीच असायच्या. त्या गुपचूप तो हात आपल्या हातात घ्यायच्या आणि आरती संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. नवीन भाडेकरूंना वाटे, काय प्रेम आहे म्हातारा-म्हातारीचं.

मुंबईच्या पोरांनी ‘घंटा’ या शब्दाचं काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी गोष्ट होणार नाही म्हणायचं असलं की ‘घंटा’. दाजी जिना चढताना पोरं मुद्दाम एकमेकांना विचारायची, “आज पाणी येणार काय रे?” दुसरा म्हणायचा, “घंटा.” दाजी पायरीवर थांबून गंभीरपणे विचारायचे, “एक काय दोन?” पोरं हसून लोळायची. दाजींना तो विनोद कळायचा की नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांचा चेहरा कशानंच फारसा हलत नसे.

माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, बाई नाही आणि बाप्याही नाही. हे मी मान वर करून सांगते. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा सगळी चाळ पेढा खाऊन गेली. दाजी मात्र पेढा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आता तुका दुसऱ्यान घंटा मारूक नको.” तेव्हा मला ते वाक्य जरा विचित्रच वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. “काय गो ग्रॅज्युएट?” असंच म्हणायचे. ते चिडवणं असेल तर असो, मला आवडायचं.

पुढं मी परळच्या शाळेत शिकवायला लागले. एकदा मुलांना बंदर शिकवायचं होतं, म्हणून मी दाजींना विचारलं की समुद्रातून मुंबई कशी दिसते. मला वाटलं होतं, आता तासभर सुटका नाही. दाजी म्हणाले, “माका काय म्हायत? मी समुद्र आयकलेलो आसा. बघूक नाय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लाँचची एक रीत होती. सारंगानं हाक मारल्याशिवाय ड्रायव्हरनं शिडी चढायची नाही. ‘मयेकर, वर ये रे’ अशी हाक यायची ती लाँच धक्क्याला लागल्यावर. दाजी वर यायचे तेव्हा समोर गोदीची भिंत. फळीवर पाणी कसं आपटतं यावरून त्यांना आपण कुठं आहोत ते कळायचं. इथं पाणी उथळ, इथं मोठ्या जहाजाची सावली, इथं आत वळलो. गावच्या किनाऱ्यावरून समुद्र बघितलेला होता, तो कुणीही बघतो. पण जन्मभर ज्या पाण्यावर होते ते पाणी, आणि त्या पाण्यावरून दिसणारी मुंबई, त्यांनी बघितलीच नव्हती.

मी म्हटलं, “मग फेरीबोटीत बसून मांडव्याला जाऊन या ना एकदा, वरच्या बाकावर बसून.”

“पाहुणो म्हणान बसलंय तर काय दिसतला?” दाजी म्हणाले. “माका मंदीवरसून बघूचा होता.”

मंदी म्हणजे ती लाँच. पाटीवरचं नाव मंदाकिनी, पण तोंडातलं मंदी. आमच्या भागात मंदी म्हटलं की लोकांना गिरण्या बंद पडल्याचं आठवतं. दाजींचा चेहरा मात्र त्या शब्दाला जरासा उजळायचा. मंदी मोडीत निघाल्यावर तिचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सारंग मरण्यापूर्वी त्यांना एवढी घंटा देऊन गेला होता. काकींनी ती जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली होती, आणि आतली जीभ सुतळीनं बांधून टाकली होती, न जाणो भांड्याला भांडं लागून वाजली तर.

घोडपदेवहून दारूखाना चालत जाण्याएवढा. तिथं जुनी लोखंडं, साखळ्या, जहाजांचे तुकडे यांची वखारच आहे. दाजींचा सकाळचा फेरफटका तिकडेच. एके दिवशी ते परत आले ते दारात न थांबता सरळ आमच्या घरात. चप्पल काढायचं भान नव्हतं. म्हणाले, “मंदी गावली.”

हुसेनभाई नावाच्या भंगारवाल्याच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, ठोकळ्यांवर ती उभी होती. शूटिंगवाले कधीतरी भाड्यानं घेतील म्हणून त्यानं तोडली नव्हती, आणि वरचं लाकूड फोडल्याशिवाय निघत नाही म्हणून इंजिनही आतच राहिलं होतं. निळा रंग फासलेला, नाव खरवडलेलं. दाजींनी कशावरून ओळखली? त्यांनी तिच्या अंगावर मुठीनं दोनदा ठोकलं आणि कान लावला. हे मला हुसेनभाईनं सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही.

हुसेनभाई रोखठोक माणूस. “चाचा, पाण्यात उतरवून दाखवली तर तुमची,” म्हणाला. पण दिवाळीनंतर ती जागा त्याला खाली करून द्यायची होती. तोपर्यंत जे हललं नसेल ते कापलं जाणार, मग ती मंदी असो नाहीतर आणखी काही. ह्याच्यात मला काही बोलू नका, असंही त्यानं हात जोडून सांगितलं.

गणपती जवळ आले होते. दाजी रोज सकाळी जायचे, आणि लाँचसमोर एका उलट्या डब्यावर बसून राहायचे. काकी दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेल्या की विचारायच्या, “सुरू केलात?” दाजी नकाराची मान हलवायचे. असे कितीतरी दिवस गेले. मी एका रविवारी गेले तर हात मांडीवर ठेवून तसेच बसलेले. मला राग आला. मला गोड बोलायची सवय नाही. मी म्हटलं, “दाजी, नुसतं बघत बसून होणार आहे का?”

“सुरुवात खयसून करतत ता माका म्हायत नाय,” ते म्हणाले. “तू इंग्रजी वाचतंस मा? बघ त्या फोनात.”

मी तिथंच उभी राहून शोधलं. जुनी लाकडी मोटरबोट दुरुस्त कशी करावी यावर बाहेरच्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. आधी काही उघडायचं नाही, काही तोडायचं नाही. तळाला सगळीकडून नीट टेकू द्यायचे. मग टोकदार काहीतरी घेऊन लाकूड टोचत जायचं, कुठं मऊ लागतं ते बघायचं. कुजलेलं बदलायचं. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली बोट आकसते, फळ्यांत फटी पडतात, म्हणून तिला हळूहळू पाणी पाजायचं, ओली पोती घालायची, लाकूड फुगू द्यायचं. इंजिनाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

“इंजिन शेवटाक?” दाजींनी विचारलं.

“सगळ्यात शेवटी. दोन-तीन ठिकाणी हेच लिहिलंय.”

“मगे तोपर्यंत मी काय करू?”

याचं उत्तर फोनात नव्हतं. मंदीवर लाकूड म्हणजे खलाशांचं काम, चाक म्हणजे सारंगाचं, आणि इंजिन तेवढं ड्रायव्हरचं. एकानं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. जन्मभर त्यांनी लावला नव्हता. आता सगळी लाँच त्यांच्या हातात आली होती, आणि त्यांना तिच्यातला फक्त एक खड्डा आपला वाटत होता.

शेवटी काकींनीच मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून त्या घंटा घेऊन गेल्या. दातांनी सुतळी सोडली आणि म्हणाल्या, “तुमका घंटा होयी मा? ही घ्या.” आणि एकदाच वाजवली. दाजी डब्यावरून उठले, शिडी लावली, आणि सरळ इंजिनाच्या खड्ड्यात उतरले. काकी संध्याकाळी माझ्याकडे येऊन हे हसत हसत सांगत होत्या. मीही हसले.

त्यानंतरचे दोन महिने मी दाजींना जेवढं आनंदात बघितलं तेवढं कधी बघितलं नव्हतं. नखांत काळं, कपाळावर वंगण, खिशात कसलेसे वॉशर. इंजिनाचा एकेक भाग सुटा करून ते घरी आणायचे. काकींच्या स्वयंपाकघरात रॉकेलचा वास भरून राहिला. “सवत आणून ठेवलेली आसा घरात,” काकी म्हणायच्या, “आणि तिका आंघोळ पण मीच घालतंय.” दिवाळीच्या फराळाची चकली एका पातेल्यात आणि शेजारच्या पातेल्यात मंदीचे नटबोल्ट.

तळाकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं. मी विणकामाची सुई घेऊन गेले आणि फोनात सांगितलं होतं तसं टोचून बघितलं. बाहेरचं सागवान कडक होतं. पण इंजिन ज्या दोन जाड तुळयांवर बसवलेलं होतं त्यांत सुई पेढ्यात जावी तशी गेली. वर्षानुवर्षं तेल आणि पाणी झिरपून आत भुसा झाला होता. मी दाजींना हात धरून दाखवलं. मी तर सांगितलंच, आणि माहीमच्या कोळीवाड्यातल्या ज्या सुताराला काकींनी बोलावून आणलं त्यानंही तेच सांगितलं. तो म्हणाला, “आधी इंजिन बाहेर काढा, मग मी हात घालतो.”

दाजींनी त्याला चहा पाजला, हात जोडले आणि वाटेला लावलं.

“दाजी, तो बरोबर सांगतोय,” मी म्हटलं.

“ता लाकडाचा काम,” दाजी म्हणाले. “मंदी एकदा चालू झाली काय मगे सगळे येतले. सारंग येतलो, खलाशी येतले. बंद लाँचवर कोण येता?”

कोण सारंग, कोण खलाशी? सगळे कधीच मरून गेले होते. पण हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मी सुई पिशवीत टाकली आणि घरी निघाले. बोलूनही उपयोग नव्हता.

दिवाळी झाली. हुसेनभाईचे गॅसकटरवाले आवाराच्या दुसऱ्या टोकाला कामाला लागले. एका सकाळी दाजींनी निरोप पाठवला की आज चालू करणार. मी शाळेतून अर्धी रजा काढून गेले. काकी नवी साडी नेसून आल्या होत्या, हातात घंटा. हुसेनभाई आणि त्याची माणसं काम टाकून जमली. आम्ही लाँचवर चढलो आणि दाजी खाली खड्ड्यात उतरले. वरून फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

काकींनी एक घंटा दिली.

मंदी दोनदा नुसतीच खोकली. मग काळा धूर, आणि मग तो आवाज. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण तो आवाज पायातून वर चढत होता. छपराचे पत्रे थरथरत होते. हुसेनभाई माझ्या कानाशी ओरडला, “मान गए चाचा को.” काकी रडत होत्या. मी खड्ड्यात वाकून बघितलं तर दाजी मान वर करून, डोळे मिटून उभे होते, उजवा हात दांड्यावर. आरतीला उभे राहायचे तसे. पण आता हाताला काय करायचं ते ठाऊक होतं.

चहा संपवायला लागतो तेवढाच वेळ ती चालली असेल. मग दाजींनी एकदम डोळे उघडले. आम्हाला कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं, त्यांना मात्र खालचं लाकूड ऐकू आलं असावं. त्यांनी काकींकडे बघितलं. काकी डोळे पुसत होत्या. घंटा त्यांच्या दुसऱ्या हातात तशीच लोंबत होती. दाजी वाट बघत होते, हे मला नंतर कळलं. ते दोन घंटांची वाट बघत होते.

घंटा झाली नाही. आधी लाकडाचा ओला, बसका आवाज आला, मग इंजिन एका बाजूला कलंडलं आणि खालच्या फळ्या उसवल्या. दाजींनी तेव्हा ते बंद केलं. घंटा नसताना त्यांनी दांडा ओढला तो आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही उशिरा. धूर विरल्यावर मी बघितलं तर तळाशी एका बाजूला वीतभर फट पडली होती आणि तिच्यातून आवाराची जमीन दिसत होती.

दाजी वर आले. काकींसमोर उभे राहून एवढंच म्हणाले, “तू दोन वाजवूक होयी होतंस.”

“माका कसा समजतला?” काकी म्हणाल्या. “माका एकच म्हायत. तुमका सुरू करूक होयी ती एकच.”

त्या दिवसापासून काकी खंगल्या, असं मी म्हणणार नाही. त्या कष्टाळू बाई, त्यांनी पातेली राखेनं घासून काढली आणि स्वयंपाकाला लागल्या. खंगले ते दाजी. ते आवारात गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. जिन्यावरची पोरं त्यांना बघून ‘घंटा’ म्हणेनाशी झाली. दाजींना ते जाणवलं असावं, कारण एकदा त्यांनी आपणहून विचारलं, “पाणी येतला काय रे आज?” पोरगा पुटपुटला, “येईल ना दाजी.” दाजींनी मान फिरवली.

हुसेनभाईनं आणखी काही दिवस कळ काढली, मग माणूस पाठवला. इंजिन सुटं करून नेलंय, बाकीची उद्या कापणार, चाचांना बघायची असेल तर घेऊन या. दाजींना आता तेवढंही चालवत नव्हतं. मी आणि काकी त्यांना टॅक्सीतून घेऊन गेलो.

संध्याकाळ होत होती. कटरवाले आवरून निघून गेले होते. खड्ड्यात इंजिनाच्या जागी नुसता काळा ओलसर डाग, आणि तळाची ती फट आता आणखी रुंद झालेली. दाजींनी घंटा बरोबर आणली होती. खाली उतरून त्यांनी ती तिच्या जुन्या हुकात अडकवली, नवी दोरी बांधली, दोरीचं टोक वर चाकापर्यंत नेण्यासाठी भोकातून वर ढकललं. मग शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून उभे राहिले.

उभेच राहिले. मला वाटलं, दम लागला. मी पुढं होणार तेवढ्यात काकींनी मला थांबवलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, आणि ज्या बाईनं संसारात नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती ती मोठ्यानं ओरडली, “मयेकर, वर ये रे.”

दाजी वर गेले. चाकापाशी जाऊन उभे राहिले. दोन्ही हात चाकावर ठेवले. समोर आवाराची पत्र्याची भिंत होती, भिंतीवरून हिरव्या जाळीत गुंडाळलेला एक नवा टॉवर.

“काय दिसता?” काकींनी खालून विचारलं.

“पत्रो,” दाजी म्हणाले.

नंतर त्यांनी दोरी धरली आणि ओढली. एक घंटा. पोकळ लाकडात ती फार मोठी वाजली. दाजी कान देऊन थांबले. खालून काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा एकच. पुन्हा थांबले. मग त्यांनी चाक सोडलं, वळले, आणि त्या वयात जेवढं घाईनं उतरता येईल तेवढ्या घाईनं शिडीवरून खाली खड्ड्यात गेले.

आम्ही दोघी जमिनीवर उभ्या होतो, ठोकळ्यांजवळ. तळाच्या फटीतून आतलं थोडं दिसत होतं. दाजींचा उजवा हात पुढं सरकत होता, जिथं दांडा होता तिथं. मागं येत होता. पुन्हा पुढं जात होता.

काकी खाली बसल्या. त्यांनी फटीतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तो हात धरला. वर चाकापाशी कुणी नव्हतं. दोरी अजून हलत होती.